जोसेफस की टॅसिटस?

भाचा विचारतोय, येशू खरंच होऊन गेला का या वादात बायबलबाहेरचा साक्षीदार कोणता धरू? ज्यू इतिहासकार जोसेफस की रोमन टॅसिटस?

काळ बघितला तर जोसेफस जवळचा. त्याचा ग्रंथ साधारण इ.स. ९३चा, टॅसिटसचा ११६च्या आसपासचा. डोळ्यांनी पाहिलेलं दोघांनीही नाही.

मजकुराचं म्हणशील, तर जोसेफसचा मोठा उतारा सरळ म्हणतो, ‘हा ख्रिस्त होता’, म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार. शेवटपर्यंत ज्यू राहिलेला माणूस असं कशाला लिहील? पुढच्या ख्रिस्ती नक्कलकारांनी त्यात भर घातली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण त्याच ग्रंथाच्या विसाव्या खंडात एक साधा उल्लेख आहे: याकोबाला दगडांनी मारलं, आणि हा कोण, तर ‘ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’. कौतुक नाही, नुसती ओळख. मला तेच वजनदार वाटतं.

टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा, त्यामुळे भेसळीची शंका कमी. रोमन सुभेदार पिलाताने येशूला मृत्युदंड दिला, हे तो सांगतो. पण ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकलं असेल तर स्वतंत्र पुरावा कसला?

मृत्युदंडापुरतं बोलायचं तर टॅसिटस घे. समोरचा ‘असा माणूसच नव्हता’ म्हणाला, तर जोसेफसचा याकोब काढ. चमत्कार सिद्ध करायला मात्र दोघेही कामाचे नाहीत.