पित्ताची गोळी सोसली नाही, आता दुसरी कोणती?

इंदूरच्या मराठी घरातला औषधांचा डबा उघडा: पॅन-डीची अर्धी स्ट्रिप, ओमेझ, उलटीची इमेसेट आणि जेलुसिलची चिकट झालेली बाटली. रात्री सराफ्यात गराडू आणि वर जलेबी खाणाऱ्या गावात हे सापडायचंच. बहुतेकांना ही औषधं काही त्रास देत नाहीत. क्वचित एखाद्याला मात्र गोळीनंतर काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत, अंगभर गांध्या उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो, रक्तदाब उतरतो. त्यातून माणूस सावरतो, पण जळजळ काही गेलेली नसते. मग आता घ्यायचं काय? निवड डॉक्टरच करतील, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं ते माहीत असलेलं बरं.

आधी, झालं ते खरंच ॲलर्जी होती का? पेरिनॉर्म ही उलटीची गोळी, म्हणजे मेटोक्लोप्रामाइड, घेतल्यावर काहींची मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जबडा अडकतो. लहान मुलांत आणि तरुण मुलींत हे जास्त दिसतं. घरचे घाबरून जातात, कोणी फिट म्हणतं, कोणी नजर उतरवायला घेतं. हा औषधाचा मेंदूवर होणारा परिणाम, त्याला डिस्टोनिया म्हणतात. त्यात गांध्या उठत नाहीत, ओठ सुजत नाहीत, आणि प्रोमेथाझिनसारख्या इंजेक्शनने तो बहुधा लवकर उतरतो. फाइलवर सरसकट ‘ॲलर्जी’ लिहिलं की पुढची सगळी निवड चुकते. डिस्टोनिया झालेल्याने मेटोक्लोप्रामाइड आणि स्टेमेटिल (प्रोक्लोरपेराझिन) ही उलटीची औषधं टाळायची, डोमपेरिडोन जपून. ऑनडानसेट्रॉन, म्हणजे इमेसेट, मात्र त्याला बहुधा चालतं.

आता पित्ताच्या गोळ्या. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, एसोमेप्राझोल, रॅबेप्राझोल, लॅन्सोप्राझोल ही सगळी एकाच कुळातली. पॅनने (पॅन्टोप्राझोल) रिॲक्शन आली म्हणून रेझो (रॅबेप्राझोल) सुरू करणं म्हणजे घर बदललं, गल्ली तीच. काही रुग्णांना ओमेप्राझोल-पॅन्टोप्राझोलचा गट सोसत नाही आणि लॅन्सोप्राझोल-रॅबेप्राझोल सोसतं, पण काहींना अख्खं कूळच वर्ज्य असतं. आपण कोणत्या गटात बसतो हे स्वयंपाकघरात ताडून पाहायचं नाही, ते ॲलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

फॅमोटिडीन वेगळ्या कुळातलं आहे, त्यामुळे माझ्या मते आधी त्याच्याबद्दल विचारावं. क्वचित त्याचीही रिॲक्शन येते. आम्ल दाबण्याचा जोर मात्र कमी, आणि रोज घेत राहिलं की परिणाम ओसरतो. अल्सर असेल, किंवा हृदयासाठी ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर फॅमोटिडीनवर भागेलच असं नाही. अशा वेळी तपासणी करून पॅनच्या कुळातलीच सोसणारी गोळी शोधणं श्रेयस्कर. फॅमोटिडीनच्याच गटातलं रॅनिटिडीन अमेरिकेने एप्रिल 2020 मध्ये बाजारातून काढायला लावलं आणि 2022 मध्ये ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही गेलं. कारण ॲलर्जी नव्हतं, एनडीएमए ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी होती. तरी दुकानात ‘भैया, गॅस की गोली’ म्हटलं की ते अजूनही हातात पडू शकतं.

जेलुसिल-डायजिनसारख्या अँटासिडची तीव्र ॲलर्जी फारच विरळा. आराम तासा-दोन तासांचा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको.

उलटीसाठी ऑनडानसेट्रॉन आणि डोमपेरिडोन यांत ॲलर्जीचाच हिशोब करायचा तर जिची रिॲक्शन आली ती सोडून दुसरी, इतकं ते सरळ आहे, कारण दोघांची कुळं वेगळी. ऑनडानसेट्रॉनने रिॲक्शन आलेल्याने ग्रॅनिसेट्रॉनही परस्पर घेऊ नये, ते त्याच घराण्यातलं. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांना मात्र ऑनडानसेट्रॉन आणि डोमपेरिडोन दोन्ही जपूनच. आणि पॅन-डीतला ‘डी’ म्हणजे डोमपेरिडोन हे किती जणांना ठाऊक असतं? युरोपच्या औषध संस्थेने 2014 मध्ये डोमपेरिडोन शक्यतो आठवडाभरापुरतंच, एका वेळी 10 मिलिग्रॅम आणि दिवसाला जास्तीत जास्त 30 मिलिग्रॅम, असं बजावलं. आपल्याकडे काका लोक रोज सकाळी पोह्यांच्या आधी वर्षानुवर्षं पॅन-डी घेतात. रिॲक्शन आली तर संशयित दोन होतात ते वेगळंच.

तीच गत सलाइनची. जुलाब-उलट्या झाल्या की बाटली चढवून घ्यायची आपली हौस, आणि त्या बाटलीबरोबर पॅन्टोप्राझोल, ऑनडानसेट्रॉन, कधी अँटिबायोटिकही लागोपाठ शिरेतून जातं. शिरेतून गेलेल्या औषधाची रिॲक्शन लवकर येते आणि जोरात येते, आणि नेमकं कोणी केलं ते कळत नाही. पूर्वी कधी त्रास झाला असेल आणि तोंडाने टिकत असेल, तर गोळी बरी. इंजेक्शन घ्यायचंच असेल तर एका वेळी एकच द्या आणि नावं लिहून द्या, असं निःसंकोच म्हणावं.

औषधं नकोत, घरगुतीच बरं, म्हणणाऱ्यांसाठी एक. आपल्या नीमचच्या मंडीत येणारा इसबगोलही ॲलर्जी करतो, ॲनाफिलॅक्सिसपर्यंत, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या रिॲक्शनपर्यंत. ज्यांच्या नाकात कामावर त्याची धूळ जाते, अशा परिचारिकांमध्ये हे नोंदलेलं आहे. कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायला देतात त्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलचीही तीव्र रिॲक्शन येते, आणि तेच द्रव्य कित्येक गोळ्यांच्या वेष्टनात असतं. त्यामुळे दोन अगदी वेगळ्या गोळ्यांनी त्रास झाला असेल तर वेष्टनाबद्दलही विचारा.

अंगावर पित्त उठलं म्हणून पुन्हा पित्ताचीच गोळी देणारी घरं मी पाहिली आहेत. गोळीनंतर गांध्यांबरोबर उलटी किंवा पोटात कळ आली, तर तीही रिॲक्शनच असू शकते, तिथे इमेसेट देत बसू नये. 108 लावा, रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करा, धाप असेल तर बसवा, पण उभं करू नका. पहिलं औषध ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. एविल या ॲलर्जीच्या गोळीने खाज थांबेल, पण श्वास आणि रक्तदाब तिच्या भरवशावर सोडता येत नाहीत. दवाखान्यात पोचल्यावर ट्रिप्टेजची, म्हणजे ॲलर्जीत रक्तात वाढणाऱ्या द्रव्याची, तपासणी होते का ते विचारा. पहिल्या चार तासांत केली तर उपयोग. त्वचेची चाचणी मात्र चार-सहा आठवडे थांबून. तोवर संशयित औषधांची मूळ नावं, ब्रँडची नव्हेत, एका कागदावर लिहून खिशात ठेवायची आणि दवा बाजारातून काहीही घेताना तो कागद पुढे करायचा. रिॲक्शनची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो, त्यासाठी सरकारी टोल-फ्री क्रमांक 1800-180-3024.