मूडलवर तीन सत्रे शिकवल्यानंतर

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, संलग्नित महाविद्यालयात मी बी.एस्सी.च्या पहिल्या व दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवतो. गेले सुमारे १६ महिने, म्हणजे सलग तीन सत्रे, मूडल ही ऑनलाइन अध्यापन प्रणाली मी दर आठवड्याला वापरत आहे. मूडलची पहिली अधिकृत आवृत्ती २००२ मध्ये आली. ती मुक्तस्रोत असल्यामुळे परवान्याचा खर्च नाही, आणि अनेक महाविद्यालयांत ती बसवलेली असते. पण बहुतेक ठिकाणी तिचा उपयोग टिपणे चढवण्यापुरता आणि स्वाध्याय जमा करून घेण्यापुरताच होतो. मी ती घेतली ती चाचण्यांसाठी. आमच्याकडे पूर्वी सत्रात अंतर्गत मूल्यमापनाच्या दोन चाचण्या होत. त्यांचे गुण नोंदवहीत जात, तेथून विद्यापीठाकडे जात, आणि एखादा विद्यार्थी नेमका कोठे अडला होता हे आम्हांला कळे ते त्याच्या निकालावर एटीकेटी लागल्यावर. त्या माहितीचा त्या विद्यार्थ्याला काहीच उपयोग नसे. तीच माहिती सत्र चालू असताना हाती यावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

पद्धत साधी ठेवली. दर शनिवारी १० प्रश्नांची प्रश्नमंजूषा, सोमवारी रात्रीपर्यंत मुदत, दोन प्रयत्नांची मुभा, आणि अंतर्गत गुणांत तिला अगदी थोडे स्थान. मंगळवारी सकाळी तासाला जाण्यापूर्वी मी तिचा सांख्यिकी अहवाल पाहतो. या अहवालात प्रत्येक प्रश्नापुढे दोन आकडे विशेष महत्त्वाचे असतात. पहिला फॅसिलिटी इंडेक्स, म्हणजे त्या प्रश्नाला विद्यार्थ्यांनी सरासरी किती टक्के गुण मिळवले. दुसरा भेदकता निर्देशांक, म्हणजे त्या प्रश्नाचे गुण आणि उरलेल्या प्रश्नमंजूषेचे गुण यांतील सहसंबंध, टक्केवारीत; एकूण पुढे असलेली मुले त्या प्रश्नातही पुढे आहेत का, हे तो सांगतो. तो ५० च्या वर असेल तर प्रश्न उत्तम, ३० च्या पुढे असेल तर पुरेसा, आणि ऋण असेल तर बहुधा प्रश्नच सदोष, असे मूडलचे मार्गदर्शन सांगते. अहवाल काढताना केवळ पहिल्या प्रयत्नांचा पर्याय निवडावा, कारण दुसऱ्या प्रयत्नात उत्तरे मित्राकडून आलेली असू शकतात.

पहिल्याच महिन्यात एका प्रश्नाचा भेदकता निर्देशांक ऋण आला. प्रश्न प्रचरणाचा (व्हेरिअन्सचा), म्हणजे निरीक्षणे मध्यापासून किती विखुरली आहेत याच्या मापाचा होता: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या निरीक्षणांचे प्रचरण काढा. मध्य ५, विचलनांच्या वर्गांची बेरीज ३२, तिला ८ ने भागून उत्तर ४, असे मी गृहीत धरले होते. पर्यायांत मात्र ४.५७ हेही होते, म्हणजे ३२ भागिले ७. वर्गात इतर सर्व प्रश्नांत पुढे असलेल्या मुलामुलींनी नेमका तोच पर्याय निवडला होता, कारण त्यांनी संदर्भग्रंथ वाचला होता आणि तेथे नमुन्याच्या प्रचरणासाठी निरीक्षणांच्या संख्येतून एक कमी करून भागलेले होते. निरीक्षणे समष्टीची (संपूर्ण गटाची) आहेत की नमुन्याची (त्यातून निवडलेल्या काहींची), हे मी प्रश्नात लिहिलेच नव्हते. जुन्या पद्धतीत मी त्यांच्या उत्तरांवर लाल फुली मारून पुढे गेलो असतो. येथे प्रश्न दुरुस्त केला, सर्वांचे गुण प्रणालीतून पुन्हा काढले, आणि मंगळवारचा पूर्ण तास त्या एका भाजकावर घालवला. तीन सत्रांतील माझा सर्वांत चांगला तास तो असावा.

दुसरा अनुभव अधिक खोलवर जाणारा आहे. द्विपद वितरणावरील एका प्रश्नाचा फॅसिलिटी इंडेक्स फारच खाली गेला, जरी त्याच सूत्रावरचा आधीचा प्रश्न बहुतेकांनी बरोबर सोडवला होता. चुकलेल्यांपैकी एका विद्यार्थिनीला मी कच्चे काम घेऊन बोलावले. तिचे प्रत्येक गणन बिनचूक होते. ती म्हणाली, "सर, ॲट लीस्ट टू म्हणजे कमी ना? म्हणून मी शून्य, एक आणि दोन यांची संभाव्यता मिळवली." बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या या मुलीला संभाव्यता येत होती, इंग्रजीतील तो शब्दप्रयोग येत नव्हता. पुढच्या प्रश्नमंजूषेपासून मी अशा प्रत्येक शब्दप्रयोगाखाली 'किमान दोन', 'जास्तीत जास्त दोन' असे मराठीत लिहू लागलो आणि त्या प्रकारच्या प्रश्नांचा फॅसिलिटी इंडेक्स लगेच वर आला. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत अशी टीप नसते, म्हणून सत्राच्या अखेरीस ती हळूहळू काढूनही घेतली. आकड्याने मला त्या मुलीपर्यंत नेले. अडचण काय आहे हे मात्र तिने सांगितल्यावरच कळले, आणि पुढे हे मी वारंवार अनुभवले.

आता ज्या ठिकाणी मी स्वतः फसलो ते सांगणे आवश्यक आहे. मूडलच्या गुणपुस्तकात रिक्त गुण वगळण्याची सोय सुरुवातीपासून चालू असते. चालू सत्रात ज्या चाचण्या अजून झालेल्याच नाहीत त्यांचे शून्य धरले जाऊ नये, हा त्यामागचा योग्य हेतू आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की ज्याने आठपैकी दोनच प्रश्नमंजूषा सोडवल्या आणि त्यांत चांगले गुण मिळवले, त्याची सरासरी नियमित मुलांपेक्षा वर दिसते. मी पहिल्या सत्रात केवळ सरासरीचा स्तंभ पाहून मदतीची यादी तयार केली, आणि ज्यांना सर्वांत जास्त मदतीची गरज होती तेच त्या यादीतून निसटले. तेव्हापासून मी सरासरीच्या आधी सहभागाचा अहवाल पाहतो. मुदत संपलेल्या चाचणीत न बसलेल्यांना शून्य नोंदवण्याची सवयही लावून घेतली आहे.

या सहभागाच्या अहवालामुळेच दुसऱ्या वर्षातील एक मुलगा लक्षात आला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या सलग तीन प्रश्नमंजूषा कोऱ्या होत्या. त्याला फोन केला तेव्हा कळले की घरी सोयाबीनची काढणी चालू होती आणि मजूर मिळत नव्हते. त्या तीन प्रश्नमंजूषा मी केवळ त्याच्यासाठी आठ दिवस पुन्हा खुल्या केल्या. एका विद्यार्थ्यापुरती मुदत वाढवण्याची सोय मूडलमध्ये आहे आणि ती दोन मिनिटांत होते. त्याने त्या सोडवल्या आणि पुढे सत्रही पूर्ण केले. याउलट, प्रणाली उघडल्याच्या सर्वाधिक नोंदी असलेली एक विद्यार्थिनी मला फार अभ्यासू वाटत होती. प्रत्यक्षात तिला एकच टिपण समजत नव्हते आणि ती ते पुन्हा पुन्हा उघडत होती. नोंदींची संख्या म्हणजे अभ्यास नव्हे, हे तिने मला शिकवले.

मूडलच्या ३.४ आवृत्तीपासून गळतीचा धोका वर्तवणारे प्रारूपही त्यात आहे. मी ते वापरत नाही. त्याला शिकवण्यासाठी पूर्ण झालेल्या अभ्यासक्रमांच्या पुरेशा नोंदी लागतात, आणि आमच्याकडे मोजक्याच वर्गांच्या, तुटक नोंदी आहेत. शिवाय अशा दाव्यांबाबत संख्याशास्त्राच्या शिक्षकाने तरी सावध असले पाहिजे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची कोर्स सिग्नल्स ही प्रणाली विद्यार्थ्यांना लाल, पिवळा, हिरवा दिवा दाखवत असे. ही प्रणाली वापरणारे दोन किंवा अधिक अभ्यासक्रम घेतलेले विद्यार्थी विद्यापीठात अधिक प्रमाणात टिकून राहतात, असे सांगितले गेले. २०१३ मध्ये अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतला, तो असा की जे टिकून राहतात त्यांनाच अधिक अभ्यासक्रम घेण्याची संधी मिळते, त्यामुळे कार्य आणि कारण यांची अदलाबदल झालेली असू शकते. हे उदाहरण मी सहसंबंधाच्या पाठात आता दरवर्षी घेतो. याच कारणाने माझ्या वर्गातील उत्तीर्णांचे प्रमाण मूडलमुळे वाढले, असा दावा मी करणार नाही. मधल्या काळात तुकडी बदलली, नवीन शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम आणि श्रेयांकांची रचनाही बदलली.

बाकीच्या बाबी थोडक्यात. बहुतेक मुले मोबाइलवरच काम करतात, आणि काही घरांत एकच स्मार्टफोन भावंडांत वाटून घ्यावा लागतो, म्हणून सोमवारी रात्री अकरानंतर गर्दी होते. ॲपमध्ये प्रश्नमंजूषा उतरवून नेटवर्कशिवाय सोडवता येते, पण त्यासाठी शिक्षकाने तशी परवानगी द्यावी लागते, वेळेचे बंधन काढावे लागते आणि उत्तरांचा प्रतिसाद शेवटीच मिळेल अशी रचना ठेवावी लागते. गणिती चिन्हे नीट उमटतात. मराठी भाषेचा संच उपलब्ध आहे, तरीही अनेक सूचना इंग्रजीतच दिसतात. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मी एक पानी मराठी सूचनापत्र छापून देतो. प्रश्नपेढी तयार करण्यास पहिल्या सत्रात आठवड्याला पाच-सहा तास लागले, आता दीड तास पुरतो.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेसाठी अभ्यासक्रम निष्पत्तीचे (विद्यार्थी काय शिकले याचे) तक्ते भरताना या नोंदींचा उपयोग झाला, हे खरे आहे. परंतु त्याच तक्त्यांसाठी प्रश्नमंजूषा सोप्या ठेवण्याचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे, कारण सोप्या प्रश्नांचा अहवाल कोणाची अडचण दाखवत नाही. मुलांच्या नोंदींबाबतही काटेकोर राहावे लागते. कोण किती वाजता जागे होते, हेही प्रणालीला कळते. मी वर्गात नावानिशी यादी लावत नाही, अहवाल व्हॉट्सॲपच्या गटावर टाकत नाही, आणि कोणती माहिती मला दिसते हे सत्राच्या पहिल्या तासालाच सांगतो.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एकच विषय, आठवड्याला एकच प्रश्नमंजूषा घ्यावी, आणि वेळापत्रकात अहवाल पाहण्यासाठी अर्धा तास व मुलांशी बोलण्यासाठी अर्धा तास आधी राखून ठेवावा. येत्या सत्रात मी प्रत्येक प्रश्नमंजूषेच्या शेवटी 'कोणता प्रश्न समजला नाही आणि का' असा एक मराठीत लिहिण्याचा रकाना जोडणार आहे.