ट्रॉलपची वही, पंचवीस मिनिटांचं घड्याळ आणि सहा कामांची यादी : नोकरी सांभाळून प्रबंध लिहिताना आलेला अनुभव

महाविद्यालयात शिकवता शिकवता पीएच.डी.चा प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. यशस्वी माणसांच्या दिनचर्येवरचे लेख आणि व्हिडिओ आपण सगळेच पाहतो. त्यातल्या काही पद्धती मी गेल्या दिवाळीपासून रोजच्या कामात वापरते आहे. एक पक्की बसली, दोन ठरावीक कामांपुरत्या उरल्या आणि एक सोडून दिली. कोणती पद्धत कुठल्या कामाला चालते, हे त्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी माझी परिस्थिती, म्हणजे तुलना करता येईल. तालुक्याच्या गावातलं वरिष्ठ महाविद्यालय, विषय अर्थशास्त्र, कॉलेजची वेळ साडेदहा ते साडेपाच. घरी सासूबाई, नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं. नळाला दिवसाआड पाणी, तेही पहाटे साडेपाचला. प्रबंध उपसा सिंचनावरच्या पाणीवापर संस्थांच्या (सिंचनाचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांच्या) हिशेबांवर, त्यामुळे अर्धं काम टेबलावर आणि अर्धं संस्थांची दप्तरं चाळण्यात.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो अँथनी ट्रॉलपच्या पद्धतीचा. हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. १८३४ साली तो लंडनच्या टपाल खात्यात कारकून म्हणून लागला आणि १८६७ मध्ये राजीनामा देईपर्यंत त्याच खात्यात होता. कामही नावापुरतं नव्हतं. जर्सी बेटावर १८५२ मध्ये रस्त्याकडेला उभ्या टपालपेट्या बसल्या, त्या याच्याच सूचनेवरून. आयर्लंडमध्ये तर त्याने वर्षानुवर्षं खात्याच्या कामासाठी फिरती केली. एवढं सगळं करून त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पूर्ण वेळ लिहिणाऱ्या लेखकाची दिनचर्या आपल्याला पाहून काय उपयोग? त्याला दहा पन्नासच्या तासिकेला पळायचं नसतं. ट्रॉलपला ऑफिस होतं, म्हणून मी त्याला निवडलं.

त्याची रीत त्याने आत्मचरित्रात तपशिलाने सांगितली आहे. ते १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं आणि साडेआठला उठायचं. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचं. मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. शिवाय एक वही. नवी कादंबरी हाती घेतली की तो आठवड्यांचे रकाने आखायचा आणि रोज किती पानं झाली ते भरायचा. पान म्हणजे २५० शब्द, तेही मोजून. आठवड्याची सरासरी ४० पानं, कमीत कमी २०, जास्तीत जास्त ११२. एखाददोन दिवस आळसात गेले की ती नोंद वहीतून समोर उभी राहते आणि उरलेले दिवस जास्त कामाला लावते, असं तो सांगतो.

पाव तासाला २५० शब्द प्रबंधात जमत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. आपल्या एका वाक्यामागे एक तक्ता, एक तळटीप आणि मार्गदर्शक सरांचा एक संभाव्य प्रश्न असतो. मी आकडा उतरवत उतरवत पाव तासाला ६० शब्दांवर आणला आणि तिथे तो बसला. पहिल्या अर्ध्या तासाचं वाचन मात्र जसंच्या तसं ठेवलं. मला विचाराल तर या पद्धतीतला सर्वांत मौल्यवान भाग तोच आहे. कॉलेजमधून येऊन, मुलांचा अभ्यास घेऊन, झोपून उठलेल्या डोक्याला कालचा धागा सापडत नाही. कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसण्यापेक्षा कालची दोन पानं वाचताना हात आपोआप दुरुस्त्या करू लागतो आणि दुरुस्त्या करता करता पुढचं वाक्य येतं. लिहायला सुरुवात कशी करायची हा प्रश्नच निकालात निघाला.

दुसरा फायदा वहीचा. कामांची यादी आणि ही वही यांत मोठा फरक आहे. यादी काय करायचंय ते सांगते, वही काय झालं ते सांगते. डिसेंबरअखेर मी वही चाळली. ज्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त राबतेय असं वाटत होतं, तिथे पानं जवळजवळ वाढलेलीच नव्हती. तो सगळा वेळ तक्त्यांची मांडणी पुन्हा पुन्हा करण्यात गेला होता. उलट, जे प्रकरण अडकलंय असं मी घरी सांगत होते, ते रोज थोडं थोडं सरकत होतं. दमणूक आणि प्रगती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वहीने आकड्यांत दाखवलं. सरांनी विचारलं की आता "चाललंय, सर" म्हणावं लागत नाही, वही पुढे ठेवता येते. त्यांनीही तिची दखल घेतली. कुठल्या महिन्यात काय द्यायचं, हे आता आम्ही त्यातल्या सरासरीवरून ठरवतो. त्यामुळे दिलेली तारीख पाळली जाते.

आता दोष. शब्द मोजायला लागलं की लिखाण फुगतं. पूर्वसंशोधनाचा आढावा घेताना तर हा मोह फारच होतो, कारण तिथे एकेका लेखाचा गोषवारा देऊन पानं सहज भरतात. म्हणून गाळलेले शब्दही मी वहीत कमाई म्हणूनच लिहिते. अडीच पानांचं एक पान केलं तर ते काम झालं. दुसरं म्हणजे, दप्तर पाहायला जाण्याचा दिवस शब्दांत मोजता येत नाही. एखाद्या संस्थेच्या सचिवांची वाट पाहून, कपाटाची किल्ली मिळवून, पाणीपट्टीच्या नोंदवह्या उतरवून घेतल्या तर शब्द शून्य आणि काम भरपूर. त्यासाठी 'शोधकाम' नावाचा वेगळा रकाना आखला. त्यात किती वर्षांच्या नोंदी पाहिल्या तेवढंच लिहिते. हा रकाना नसता तर मी वही बंद केली असती, कारण सर्वांत कष्टाच्या दिवसांपुढे शून्य लिहायला कोणाला आवडेल?

आणि वेगाबद्दल. ट्रॉलपचे आकडे वाचून धास्ती घेणाऱ्यांसाठी आपल्याच मातीतलं एक गणित मांडते. महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करत. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेचे सदस्य झाले. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये आला आणि शेवटचा १९६२ मध्ये. पाच खंड, साडेसहा हजारांहून अधिक पानं. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. आता ही पानं त्या बत्तीस वर्षांत वाटून बघा : वर्षाला सुमारे दोनशे, आठवड्याला जेमतेम चार छापील पानं. पहिल्या खंडाआधीची तयारी धरली तर त्याहून कमी. त्या प्रत्येक पानामागे किती संस्कृत ग्रंथ वाचले गेले असतील, ते वेगळंच. हा हिशेब मांडल्यापासून आठवड्याला चार पानांचा आकडा मला छोटा वाटत नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी तोच लिहून ठेवला आहे.

ट्रॉलपच्या कथेतला एक माणूस मात्र दिनचर्येच्या व्हिडिओंत हमखास गाळला जातो, आणि त्याचा मला राग आहे. साडेपाचला ट्रॉलप आपोआप उठत नव्हता. त्याचा एक म्हातारा नोकर त्याला कॉफी आणून देऊन उठवायचा, आणि त्यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. आपल्या यशाचं श्रेय इतर कुणाहीपेक्षा त्याचं जास्त असेल, असं ट्रॉलपने मोकळेपणाने लिहिलं आहे. रेल्वेच्या प्रवासात पेन्सिलीने खरडलेला मजकूर शाईने उतरवून काढायची ती त्याची बायको रोझ. म्हणजे त्या तीन तासांमागे आणखी दोन माणसांचे हात होते. आपल्याकडे तर पहाटेचे तास बाईचे कधीच रिकामे नसतात. पाणी भरणं, डबे, मुलांची आंघोळ, सासूबाईंचा चहा, हे सगळं त्याच वेळात बसतं. त्यामुळे ही पद्धत सुरू करण्याआधी मी वही आणली नाही, घरी बोलणी केली. साडेपाच ते सात माझे. पाण्याच्या दिवशी मोटर लावणं आणि टाकी भरणं नवऱ्याकडे, चहा ज्याने त्याने करून घ्यायचा, डबे सातनंतर दोघांनी मिळून. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगून टाकलं, "आई लिहितेय, काय हवं ते आजीला विचारा." हे एक वाक्य कुठल्याही ॲपपेक्षा जास्त कामाचं ठरलं. ज्या घरात ही वाटणी होत नाही, तिथल्या बाईला 'पहाटे पाचला उठा' असं सांगणं म्हणजे तिची झोप कमी करणं, एवढंच.

आता पंचवीस मिनिटांची पोमोदोरो पद्धत. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ती सुरू केली. पंचवीस मिनिटं एकच काम, पाच मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. उत्तरपत्रिका तपासायला याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. गठ्ठा संपेपर्यंत सलग बसलं की शेवटच्या काही पेपरांवर नजर आणि मन दोन्ही थकलेलं असतं, आणि त्याची किंमत विद्यार्थी मोजतो. पंचवीस मिनिटांनी उठून पाणी पिऊन आलं की पुढचा पेपर ताज्या डोळ्यांनी वाचला जातो. गुण देण्यात सातत्य राहतं, हे फेरतपासताना मला स्पष्ट जाणवलं.

लिखाणाला मात्र ती जमली नाही. युक्तिवाद जुळून येऊ लागतो तो साधारण विसाव्या मिनिटाला, आणि तेवढ्यात घंटा वाजते. स्टाफरूममध्येही ती लावता येत नाही. मूळ नियम असा की मध्ये कुणी आलं तर नंतर भेटायचं ठरवून पुन्हा कामाला लागायचं. पण दाराशी उभा असलेला मुलगा शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही घ्यायला सकाळच्या एसटीने आलेला असतो आणि त्याची परतीची गाडी ठरलेली असते. त्याला 'नंतर ये' म्हणणं मला पटत नाही. कॉलेजमधली मधली अर्धी वेळ ही विद्यार्थ्यांचीच असते, असं धरून मी तिथे घड्याळ लावणं बंद केलं. घरी वापरायचं तर मोबाइलचा टायमर नको, चावीचं साधं घड्याळ घ्या. मोबाइल हातात घेतला की विभागाच्या ग्रुपवरचे निरोप दिसतातच.

कॉलेजच्या कामांसाठी सहा कामांची यादी उत्तम. ही आयव्ही ली या अमेरिकी जनसंपर्क सल्लागाराच्या नावाने ओळखली जाते. बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीचा प्रमुख चार्ल्स श्वाब याला त्याने ती सांगितली आणि श्वाबने त्याला मोठी रक्कम पाठवली, अशी कथा आहे. संध्याकाळी निघताना उद्याची सहाच कामं महत्त्वाच्या क्रमाने लिहायची आणि सकाळी पहिल्यापासून सुरू करायची. पहिलं संपल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही, उरलेली दुसऱ्या दिवशीच्या यादीत. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, अंतर्गत गुणांचे तक्ते, बैठकांची इतिवृत्तं, यांत हिचा फार आधार वाटतो. कारण सहाची मर्यादा असल्यामुळे सातवं काम घेताना प्राचार्यांना विचारता येतं, "सर, यातलं कुठलं मागे ठेवू?" प्रश्न कागदासकट विचारला की उत्तर मिळतं. प्रबंधाचं काम मी या यादीत टाकत नाही. ते रोजचं पहिलं काम आहे, त्याला क्रमांक नको.

अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनचं तासवार वेळापत्रक मी सोडलं. पाचला उठून आज कोणतं चांगलं काम करू असं विचारायचं आणि रात्री काय चांगलं केलं ते पाहायचं, हे दोन प्रश्न सुंदर आहेत. पण दिवसाच्या चोवीस तासांची आखणी बदली तासिका आणि अचानक लागणाऱ्या बैठकांपुढे टिकत नाही. खुद्द फ्रँकलिनने अंगी बाणवायला ठरवलेल्या आपल्या तेरा गुणांपैकी नीटनेटकेपणानेच आपल्याला सर्वांत जास्त छळलं, असं कबूल केलं आहे.

ज्यांना वही सुरू करायची आहे त्यांनी ती सत्र परीक्षा आटोपल्यावर करावी, तपासणीच्या दिवसांत नको. पहिले दोन आठवडे कुठलंही लक्ष्य न ठेवता फक्त नोंद करा, मग जी सरासरी दिसेल तीच लक्ष्य म्हणून घ्या. रकाने चार पुरतात : तारीख, लिहिलेले शब्द, गाळलेले शब्द, शोधकाम. कॅपच्या, म्हणजे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांच्या केंद्रीय तपासणीच्या, काळात रकाना कोरा सोडू नका, 'कॅप' असं लिहा. नाहीतर महिन्याची सरासरी काढताना ते दिवसही रिकामेच मोजले जातात.