केबिनची जुनी फायबर बोट: एक हिवाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

जुनी केबिनवाली फायबर बोट बघायला गेलात तर इंजिनाचे तास नंतर विचारा. आधी केबिनच्या छतावर चढा आणि हाताने धरायच्या रेलिंगचे पाय बघा. पायांभोवती सिलिकॉनचे थर दिसले तर भाव तिथेच पाडायला लागा. सव्वीस फुटी, इनबोर्ड म्हणजे आत बसवलेल्या डिझेल इंजिनाची ही बोट मी दिवाळीनंतर रेवदंड्याच्या खाडीत घेतली. इंजिन, डिझेलचा खप, लाटेवरचं वागणं, कशाबद्दलच तक्रार नाही. बोट उत्तम चालते. माझा खर्च आणि संताप झाला तो फक्त पाण्यापायी.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, "थोडं पाणी येतं, ग्लँडचं आहे, सगळ्याच बोटींना येतं." हे अर्धं खरं आहे. पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे ग्लँडमध्ये दोरी भरलेली असते. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत, त्या पाण्यानेच दोरी थंड राहते. बोट उभी असताना मात्र थेंब जवळपास थांबायला हवा. माझ्या बोटीत उभ्या जागी धार लागायची आणि तळातलं पाणी उपसणारा पंप चालून चालून बॅटरी उतरायची. ओहोटीला बोट गाळावर टेकल्यावर जुनी दोरी उकरून काढली, ती वाळून पार कडक झाली होती. नव्या कड्या कापून बसवल्या, प्रत्येक कडीचा जोड आधीच्या कडीच्या जोडासमोर येणार नाही असा फिरवून. एका दुपारचं काम आणि किरकोळ खर्च. पंप गप्प झाला. मे महिन्यापर्यंत मला कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे त्याआधीच्या उधाणाला सगळ्यांच्या बोटी वर येतात. माझीही ओंडक्यांवर चढली. ताडपत्री बांधली होती, पण कोकणातल्या जूनच्या वाऱ्यात ताडपत्री जागेवर राहत नाही. पहिला मोठा पाऊस झाल्यावर जाऊन फळ्या उचलल्या तर तळात बादलीभर पाणी, आणि पुढच्या झोपायच्या गादीची खालची बाजू काळी पडलेली. तेव्हा बोट विकून टाकू असंच वाटलं. बोट जमिनीवर, म्हणजे समुद्राचा प्रश्नच नव्हता. (तुमची बोट पाण्यात असेल तर घरच्या आरओचा, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस पेन घेऊन जा. समुद्राच्या पाण्यात तो मापाबाहेर जातो, पावसाच्या पाण्यात आकडा अगदी लहान येतो. पावसाळ्यात खाडीचंच पाणी गोडसर झालेलं असतं, तेव्हा मात्र हा उपाय फसवतो.)

शेजारच्या मचव्यावरचे तांडेल काका बघून गेले. म्हणाले, "भाऊ, पानी पडतं तिथं बघू नको. वर चढ." चाळीत वरच्या मजल्यावरची मोरी गळते आणि ओल तिसऱ्याच खोलीच्या भिंतीवर येते, तसंच इथे आहे. डेक आणि आतलं फॉल्स सीलिंग यांच्या पोकळीतून पाणी उतारावर वाहत जातं आणि भलत्याच कोपऱ्यात टपकतं. बोट नाळेकडून उचललेली असेल तर ते मागे जातं, मागून उचललेली असेल तर पुढे.

मी आधी एका फायबरवाल्याला बोलावलं. त्याने छत न तपासता, गच्चीला मारतात तसा वॉटरप्रूफिंगचा कोट सगळ्या डेकवर मारायचा सल्ला दिला आणि माझ्या नाही म्हणण्याकडे लक्ष न देता अर्ध्या भागावर मारूनही टाकला. पंधरवड्यात त्याला फोड आले, कारण डेकच्या फायबरखालचं प्लायवूड ओलं होतं. पैसे परत मागितले तर "पाऊस जास्त झाला" हे उत्तर. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे त्याला बोट हातात घेताना माहीत नव्हतं का? त्या रकमेचा राग अजून आहे.

मग शोध स्वतः घेतला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत गेलो. कोरडं प्लाय असेल तिथे टणक आवाज येतो, कुजलं असेल तिथे बद्द. त्यानंतर धूळ उडवायचा ब्लोअर पुठ्ठ्यात भोक पाडून केबिनच्या दारात बसवला, बाकीची भोकं चिकटपट्टीने बंद केली, ब्लोअर चालू ठेवला आणि डेकवर भांड्यांच्या साबणाचं पाणी ओतलं. आतली हवा गळतीच्या वाटेने बाहेर येते आणि तिथे बुडबुडे फुटतात. खिडक्यांपाशी थोडे आले. रेलिंगच्या पायांपाशी मात्र फेस उकळत होता.

तो पाय उघडला. सिलिकॉनचे तीन थर, एकावर एक, वेगवेगळ्या वर्षांचे. बोल्टचं डोकं चकचकीत, आणि बाहेर ओढल्यावर मधला भाग तपकिरी, खाल्लेला, मूळ जाडीच्या निम्मा उरलेला. ओल्या लाकडात हवा न मिळता अडकलेलं स्टेनलेस स्टीलही असं गंजतं. भोकातून चहाच्या चोथ्यासारखं प्लाय बाहेर आलं. त्यात आधीच्या मालकाने आतून नटवरही सिलिकॉन थापलं होतं. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. आतून बंद केल्याने टपकणं थांबतं, पाणी शिरणं थांबत नाही. ते डेकच्या पोटात साचत राहतं आणि गिऱ्हाइकाला बोट कोरडी दिसते. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिला की त्यावर रंग, रेझिन, काहीच धरत नाही. खरवडून आणि घासूनच काढावं लागतं.

दुरुस्ती अशी. भोक मोठं केलं, वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये लावून कडेचं कुजलेलं प्लाय पोखरून काढलं. आत शंभर वॉटचा बल्ब लावून ताडपत्रीखाली वाळू दिलं. श्रावणातल्या ऊन-पावसात हाच भाग सर्वांत लांबला, पण ओल्या प्लायवर इपॉक्सी घालणं म्हणजे पैसे पाण्यात. वाळल्यावर इपॉक्सीत एरोसिल पावडर घट्ट कालवून भोक भरलं आणि मधोमध बोल्टच्या मापाचं नवीन भोक पाडलं. आता बोल्टभोवती फक्त इपॉक्सी आहे, लाकूड नाही. भोकाचं तोंड थोडं उतरतं रुंद (काउंटरसिंक) केलं, बोल्टच्या डोक्याखाली ब्यूटाइल या चिकट रबरी टेपची वात गुंडाळली आणि बोल्ट स्थिर धरून खालून फक्त नट आवळला. बोल्ट फिरवला की टेप पिळवटून फाटते. टेप हळूहळू पसरते, म्हणून दोन-तीन दिवसांनी पुन्हा थोडं आवळायचं. पत्र्याच्या छपरांसाठी ब्यूटाइलचे रोल मिळतात, फक्त डांबराचा रोल गळ्यात मारून घेऊ नका. एका रोलमध्ये पूर्ण रेलिंग, क्लीट (दोर बांधायचे खुंटे) आणि नांगराच्या कप्प्याचं झाकण झालं. एवढ्या स्वस्त वस्तूवर मी इतका खूश क्वचितच झालो असेन.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसानंतरची ही भर: तळ कोरडा, गादीला वास नाही. म्हणून जूनमधलं "विकून टाकू" हे मत मागे घेतो. सिलिकॉनबद्दलचं मतही थोडं बदललं आहे. ॲक्रिलिकच्या खिडकीला पॉलिसल्फाइड हे दुसरं सीलंट चालत नाही, ते ॲक्रिलिकला खातं, आणि उन्हात काच फुगते-आकसते तेव्हा ताण सोसणारं सिलिकॉनच तिथे योग्य ठरतं. रेलिंगला, क्लीटला, स्टँशनला (कठड्याच्या खांबाला) मात्र ते लावू नका.

डावीकडची पुढची खिडकी अजून झिरपते. तिचे स्क्रू इतके आवळलेत की कोपऱ्यात तडा गेलाय. मार्चमध्ये काच काढून नवीन कापून घेणार आहे आणि स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा सैल ठेवणार आहे. तोवर बाहेरून टेप.