चर्चच्या साउंडला एकच माणूस की चौघांची पाळी?
दर रविवारी मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माइकांचे आवाज जुळवायच्या यंत्रावर, एकच जण असला की आवाज एकसारखा राहतो. पाळकांचा स्वर कुठे खाली येतो, तबल्याच्या माइकला किती गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती वाढवून घ्यायचा ते) लागतो, हे त्याच्या हातात बसलेलं असतं. पण तो आजारी पडला की सगळं अडतं, आणि त्याला स्वतःला निवांत उपासना कधी मिळतच नाही. चांगली माणसं अशीच थकून सोडून जातात.

पाळीत मेहनत सुरुवातीला: नव्या माणसाने चार रविवार नुसतं बघायचं, पुढचे चार अनुभवी माणूस शेजारी घेऊन चालवायचं. गडबड होते ती गेनमध्ये. एकाने वाढवलेला दुसऱ्याला कळत नाही आणि पहिल्याच गीताला शिट्टी वाजते. म्हणून प्रत्येक चॅनलखाली (मिक्सरवरच्या एकेका माइकच्या किंवा वाद्याच्या पट्टीखाली) कागदी टेपवर नावं लिहा, डिजिटल मिक्सरवर सीन, म्हणजे सगळी जुळवणी, सेव्ह करा, अ‍ॅनालॉगवर नॉबांचा फोटो काढा.

दोन माइकांच्या छोट्या मंडळीला एक जण आणि एक तयार बदली पुरे. गायकवृंद, वाद्यं, थेट प्रक्षेपण असेल तर पाळीच लावा.