टस्कीगी: आधी विटा पाहा, मग कार्व्हर

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं टस्कीगी मराठी वाचकांना माहीत असतं ते कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरमुळे. त्यामुळे तिथे पोचल्यावर पाय आधी कार्व्हर संग्रहालयाकडे वळतात. आम्ही क्रम उलटा सुचवू: आधी 'द ओक्स', म्हणजे इथल्या टस्कीगी इन्स्टिट्यूट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांचं १८९९ सालचं घर. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून नॅशनल पार्क सर्व्हिस हे सरकारी खातं दाखवतं त्या मुख्य वास्तू या दोनच. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. ओक्स आतून पाहायचं तर रेंजरबरोबरच, म्हणजे पार्क सर्व्हिसच्या वाटाड्याबरोबरच, जावं लागतं. दुरुस्तीसाठी वास्तू बंद असू शकतात, तेव्हा निघायच्या दिवशी पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर दोन्हींची स्थिती वेगवेगळी तपासावी.

ओक्स आधी का? तर विटांसाठी. घराचा आराखडा रॉबर्ट टेलर यांचा. एमआयटीतून पदवी घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय. विटा मात्र विद्यार्थ्यांनी पाडलेल्या. ती गोष्ट शाळेच्या सुरुवातीपासूनची. १८८०च्या निवडणुकीत कृष्णवर्णीयांची मतं मिळवून देण्याच्या बदल्यात ल्युइस ॲडम्स यांनी उमेदवाराकडून कृष्णवर्णीयांसाठी शाळा मागून घेतली. ॲडम्स पूर्वी गुलाम होते, पुढे पत्र्याचं काम करत. राज्याने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, पण ते फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जागेला आणि इमारतीला छदामही नाही. ४ जुलै १८८१ला मोडक्या खोपटात वर्ग भरला. ५०० डॉलरला ठरलेल्या ओसाड मळ्याचा पहिला हप्ताही उसना आणावा लागला.

मग भट्टी लावली, आणि त्या कामाचा अनुभव नव्हता. गुडघाभर चिखलात तासन्‌तास उभं राहून माती तुडवायची म्हटल्यावर काही विद्यार्थी शाळाच सोडून गेले. पहिल्या भट्टीत सुमारे २५,००० विटा रचल्या. रचना आणि भाजणी दोन्ही चुकली. दुसरीही फसली. तिसरी आठवडाभर जळत होती आणि विटा तयार व्हायला काही तास उरले असताना मध्यरात्री कोसळली. भट्टीचं काम जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. विटा पुरत्या सुकल्या नसल्या की वरच्या थरांच्या भाराने दबतात, आणि जाळ जायला मोकळी वाट ठेवली नाही तर मधल्या कच्च्या राहतात, जाळाजवळच्या वितळून खंगर होतात. चौथ्या भट्टीला पैसे नव्हते. वॉशिंग्टन यांनी घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं, आणि ही भट्टी साधली. १९००च्या सुमारास एका हंगामात १२ लाख विटा निघत होत्या. गावात दुसरी वीटभट्टी नसल्याने गोरे शेजारीही इथूनच विटा नेत.

रेंजरला भट्ट्यांबद्दल मुद्दाम विचारा. आवारातल्या बाकीच्या जुन्या इमारती चालत्या विद्यापीठाच्या आहेत, आत वर्ग भरतात. त्या बाहेरूनच पाहाव्यात. पार्क सर्व्हिसच्या या सोयीची खरी मर्यादा हीच आहे. विद्यार्थ्यांनी उभं केलेलं अख्खं आवार असताना पाहुण्याला दोन थोर माणसांपुरत्या दोन वास्तू आतून बघायला मिळतात. ॲडम्स यांच्याशिवाय हे कॉलेजच झालं नसतं, त्यांना आमच्या मते सर्वांत आधी मान मिळायला हवा.

कार्व्हर १८९६मध्ये आले. त्यांचं संग्रहालय मुळात कॉलेजचं धोबीघर होतं. १९४७च्या आगीत त्यांची बरीच चित्रं गेली, त्यामुळे भिंतभर चित्रांची अपेक्षा ठेवून जाऊ नये. इथे वेळ द्यावा तो त्यांच्या शेतीच्या कामाला. कापसाने निकस झालेल्या जमिनीत नत्र परत आणायला भुईमूग आणि चवळी लावा, हे ते शेतकऱ्याला सांगत. शेतकरी कॉलेजात येऊ शकत नव्हता, म्हणून १९०६पासून घोडागाडीतून अवजारं आणि बियाणं त्याच्या दारी जाऊ लागलं.

वॉशिंग्टन आणि कार्व्हर दोघांच्या समाध्या आवारातल्या चॅपलजवळ, म्हणजे प्रार्थनागृहाजवळ, आहेत. जुनं चॅपल १९५७मध्ये जळालं, आजचं १९६९चं.

गाडीत पत्ता घालताना 'टस्कीगी इन्स्टिट्यूट' असाच घाला. 'टस्कीगी एअरमेन' (दुसऱ्या महायुद्धातले कृष्णवर्णीय वैमानिक) हे पार्क सर्व्हिसचंच वेगळं स्थळ आहे, काही मैलांवर मोटन फील्डला. नावातल्या सारखेपणामुळे गाडी तिकडे जाते आणि रेंजरच्या फेरीची वेळ हुकते. राज्याची राजधानी माँटगोमेरीहून अंतर सुमारे ६५ किलोमीटर, अटलांटाहून दोन तासांच्या आसपास.