कार्टर आधी की हॅरॉल्ड?

शनिवारी रात्री एकच बघायचा झाला, तर 'गेट कार्टर' की 'द लाँग गुड फ्रायडे'? जुन्या ब्रिटिश गुन्हेगारीपटांची गोडी लागली की हा प्रश्न पडतोच. मी आधी कार्टर लावला. चुकलो असं अगदी म्हणवत नाही.

कार्टर १९७१चा. लंडनच्या टोळीतला जॅक (मायकेल केन) भाऊ गेला म्हणून आगगाडीनं आपल्या गावी, न्यूकॅसलला येतो आणि तो नक्की कसा गेला ते उकरायला लागतो. पबमध्ये बिअर मागवतो, वर 'पातळ ग्लासात' असं बजावतो. गाव सोडून मोठा झालेल्या माणसाचा सगळा तोरा त्या ग्लासात उतरलाय. रॉय बडचं संगीत तर लाजवाब. आणि शेवटचा तो समुद्रकिनारा: वाळू कोळशाच्या कचऱ्यानं काळी पडलेली, दोरावरून सरकणारे डबे आणखी कचरा समुद्रात ओततायत.

माझं घोडं अडलं ते नावांपाशी. एरिक, किन्नियर, ब्रम्बी, थॉर्प, फ्लेचर! जॅक या गोतावळ्यात मुरलेला, आपण पाहुणे. त्यात उत्तरेकडची बोली, तीही पुटपुटलेली. पहिल्या अर्ध्या तासात चारदा मागे गेलो आणि शेवटी विजेच्या बिलामागे कोण कुणाचा माणूस याचा तक्ता काढला. बायको तिसऱ्या 'हा कोण?'नंतर उठून झोपायला गेली. सूडाची गोष्ट अशी थांबत थांबत बघितली की तिची धारच जाते.

'लाँग गुड फ्रायडे'ची सुरुवात खरं तर याहून गोंधळाची. पैशांची एक बॅग, एक-दोन खून, आणि कुणी काही उलगडून सांगत नाही. पण इथे लंडनचा भाई हॅरॉल्ड शँड (बॉब हॉस्किन्स) हाही आपल्याइतकाच अंधारात. ऐन गुड फ्रायडेला त्याची माणसं मरतायत, बॉम्ब फुटतायत, आणि घरी अमेरिकन माफियाचे पाहुणे! कोण करतंय हे? कत्तलखान्यात बाकीच्या म्होरक्यांना आकड्यांना उलटं टांगून तो तेच विचारतो. मग आपल्याला तक्ता लागत नाही.

टेम्सवर बोटीत उभा राहून, मागे टॉवर ब्रिज, हॅरॉल्ड ओसाड गोद्यांच्या जागी नवं लंडन आणि १९८८चं ऑलिंपिक विकत असतो. १९८१ साली त्याच डॉकलँड्ससाठी सरकारी महामंडळ निघालं आणि पुढे टॉवर उभेही राहिले. गिरणगावच्या चिमण्या जाताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे भाषण ओळखीचं वाटेल. त्याची मैत्रीण झालेली हेलन मिरेनही भाईच्या शेजारी शोभेला उभी नाही. पाहुण्यांना तीच सांभाळते.

हॉस्किन्सची बोलीही सोपी नाही, हे कबूल. त्याचा आवाज दुसऱ्याकडून डब करण्याचा घाटही घातला गेला होता. पुढे बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनच्या हँडमेड फिल्म्सनं सिनेमा घेतला आणि सुदैवानं आवाज त्याचाच राहिला.

एकट्यानं, सबटायटल लावून, मागेपुढे करत बघायची तयारी असेल तर कार्टर खुशाल घ्या. सोबत कुणी असेल तर मी तरी हॅरॉल्डच लावीन. आमच्याकडे तो लागला त्या रात्री बायको शेवटपर्यंत बसली. शेवटी कितीतरी वेळ पडद्यावर हॉस्किन्सचा नुसता चेहरा, संवाद एकही नाही. 'हा कोण?' तिनं तेव्हाच विचारलं, गाडीतल्या पुढच्या सीटवरच्या पोराबद्दल. या खेपेला मला उत्तर येत होतं: कोवळा पिअर्स ब्रॉस्नन, पहिलाच सिनेमा.